उत्तर आल्याशिवाय पुढचा फोन नाही

२० जुलै, रविवार. अकोला

डायरी मराठीत लिहून राहिली. शाळा सगळी इंग्लिश मीडियममध्ये झाली, पण इंग्रजीत वैताग लिहिला की तो ऑफिसच्या ईमेलसारखा दिसते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं. कोण वाचते.

अमरावतीच्या सॉफ्टवेअर ऑफिसातून सुट्टीचं घरी आली तर दुपारी जुन्या शहरात नसीमखालाकडे गेली. खाला म्हणजे नसीमबानो. साड्यांना फॉल-पिको करते. तिची पोरगी अनीसा, अकरा वर्षांची, तिले थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त टिकत नाही, दर एकवीस दिवसांनी बाहेरून द्यावं लागते. आणि गट कोणता, तर ओ निगेटिव! शंभर माणसं उभी केली तर दोन सापडत नाहीत. खालाने सहा वर्षं फिरून फिरून सात जण जमवले. त्यातली एक मी. कॉलेजच्या शिबिरात माझं कार्ड पाहिलं आणि माझा हातच धरला होता तिने.

सात जणांची बारी आहे. ज्याची बारी त्याले पहिले फोन. त्याले ताप आहे, तो गावी गेला आहे, तर पुढच्याले. एकाने हो म्हटलं की तिथंच थांबायचं, बाकीच्यांना फोन करायचाच नाही. कारण एकदा दिलं की पुरुषाले तीन महिने आणि बाईले चार महिने परत देता येत नाही. एका खेपेले दोघांनी दिलं तर पुढची खेप रिकामी जाते. मी जूनमध्ये दिलं, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मी कामाची नाही.

आता हे इतकं साधं काम खाला कसं करते, तर फोन लावून! माझ्यासमोर नत्थुजींना लावला. नत्थुजी अमरावतीचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. चाळीस मिनिटं! गुडघा, मग सुनेचं बाळंतपण, मग पाऊस, मग परत गुडघा. मी मोबाईलमध्ये वेळ पाहत बसली. फोन ठेवल्यावर विचारलं, "काय म्हणे? येतात का?"

खाला म्हणे, "अगं नाही बेटा, त्यांची बारी अकरा दिवसांनी आहे. असाच लावला होता."

असाच! बाप्पा!

मी सांगितलं की खाला, हे सगळं मशीन करू शकते. कॉम्प्युटरवर नोडमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिते. फोन लावणारी एक सर्विस असते, आपला प्रोग्राम तिले सांगते 'या नंबरले लाव'. समोरच्याले रेकॉर्ड केलेला आवाज जाते, येणार असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. उत्तर आपल्याकडे परत येते. दोन आला तर पुढचा नंबर. तुम्ही शिवणयंत्रावरून उठायचं पण नाही.

खालाने चहा ओतला आणि म्हणे, "तू म्हणशील तसं."

अनीसा गणिताची वही घेऊन बसली होती. वर न पाहता म्हणे, "दीदी, मशीन गुडघ्याचं विचारते का?"

२३ जुलै, बुधवार. अमरावती

झालं! ऑफिस सुटल्यावर दोन संध्याकाळी बसून पूर्ण केलं. माझाच नंबर यादीत टाकून पाहिला. फोन वाजला, मी दोन दाबला, स्क्रीनवर 'नाही' आलं आणि प्रोग्राम पुढे गेला. एक दाबला, 'हो' आलं, प्रोग्राम थांबला. एकदम मस्त.

बाजूच्या टेबलवर अमोलदादा बसते, आमचा सीनियर. त्याले दाखवायले गेली तर तो डबा खाऊन राहिला होता. म्हणे, "किती नंबरांवर चालवून पाहिला?"

"एका."

"एका नंबरावर सगळंच चालते," म्हणे आणि भाकर मोडली.

या माणसाले कशाचंच कौतुक नाही.

२७ जुलै, रविवार. अकोला

खालाकडून वही घेऊन सातही नंबर चढवले. वही काय आहे ती, बाप्पा. एका पानावर चारचार रंगांची शाई, कडेले उर्दूत काहीतरी, एक नंबर तर लाईटबिलाच्या मागे लिहून टाचणीने टोचलेला. मी फक्त नाव आणि नंबर घेतले. बाकी कचरा.

क्रम असा: नत्थुजी. मग नीलम मॅडम, अकोल्यात कॉलेजवर शिकवतात. मग चंद्रभानकाका, मूर्तिजापूरजवळचे शेतकरी. मग धर्मपाल, तिकडे जंगलात सेमाडोहले एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. शेवटी आम्ही तिघं, ज्यांचं नुकतंच झालं.

निघताना मी खालाले नीट बजावलं, "आता तुम्ही कोणाले फोन करायचा नाही हं. तुम्ही पण करणार आणि मशीन पण करणार, गोंधळ होईल."

"नत्थुजींना पण नाही?"

"कोणालेच नाही."

"ठीक आहे," म्हणे. वही कपाटात ठेवून दिली. मले वाटलं होतं खूश होईल.

३१ जुलै, गुरुवार. अमरावती, मग अकोला

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

सकाळी नऊ वाजता ऑफिसमधून प्रोग्राम सुरू केला. पहिला फोन नत्थुजींना जायला पाहिजे होता. त्याच सेकंदाले माझ्या पर्समधला फोन वाजला. नाव माझं यादीत सहावं. मले काही समजेपर्यंत स्क्रीनवर 'हो', 'हो', 'हो', 'हो' पडत गेले. मी प्रोग्राम बंद केला. गेलेले फोन काही बंद होत नाहीत.

साडेअकराले हिंमत करून खालाले सांगायले फोन लावला तर ती म्हणे, "बेटा, इथं रक्तपेढीत सगळे आले. तू ये."

हाफ डे टाकला, बडनेऱ्याहून गाडी पकडली. पोहोचली तर तिथं लग्नाची बैठक बसल्यासारखे सगळे बाकावर. नत्थुजी टोपी मांडीवर घेऊन. ते माझ्या आधी अमरावतीहून पोहोचले होते.

"मले तं मशीन बोलली," ते सांगून राहिले होते. "म्हणे एक दाबा. म्या एक दाबला, तं तिनं फोनच ठेवून देला! दरवेळी खुद्द नसीमबाईचा फोन येते. म्या म्हटलं, पोरीचं काहीतरी जास्त झालं वाटते, म्हणून मायले बोलणं होत नसन. तसाच निंगालो. चहा बी नाही घेतला."

सगळ्यांचं हेच. सगळ्यांना वाटलं पोरगी सिरियस आहे.

मी हात जोडून सांगितलं की चूक झाली, आज फक्त नत्थुजींची गरज आहे, बाकीच्यांनी परत जावं. कोणी उठलं का? नीलम मॅडम म्हणे, "मी प्रिन्सिपलशी भांडून रजा टाकली आहे. आता तशीच वापस जाऊन त्यांना काय सांगू, रक्त नको होतं?" आणि बाही वर करून आत. रक्तपेढीवाले कशाला नाही म्हणतात, ओ निगेटिव कोण सोडते.

चंद्रभानकाका पण रांगेत. त्यांचं हिमोग्लोबिन बारा पॉइंट एक निघालं, साडेबाराच्या खाली घेत नाहीत. त्यांना एवढा राग आला की दुसऱ्यांदा बोट पुढे केलं, "त्या बोटात कमी असन, यातलं पाहा." तीनच आठवड्यांपूर्वी देऊन गेलेला एक जण पण आला होता, तो तर सिस्टरशी भांडला. "मले बोलावलं म्हणून मी आलो! बोलावता काहून मग?"

मले बोलावलं म्हणून. प्रत्येक जण हेच म्हणे आणि प्रत्येक जण माझ्याकडे पाहे.

फक्त धर्मपाल आला नाही. त्याले फोन लागलाच नव्हता.

२ ऑगस्ट, शनिवार. अकोला

अनीसाले काल नत्थुजींचं रक्त चढलं. ती ठीक आहे. मी नाही.

चूक सापडली. इतकी बावळट आहे की लिहायची लाज वाटते. मी प्रत्येक फोनच्या पुढे 'अवेट' लिहिलं होतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब. पण यादीवर फिरायले वापरला 'फॉरईच'. फॉरईच थांबत नाही! तो सातही फोन एकामागे एक उचलून देते आणि स्वतः मोकळा होते. मग प्रत्येक फोन आपापल्या जागी थांबून राहते, यादी थांबत नाही. सात जण सात दारांत उभे, आणि सातही दारं एकाच वेळी वाजलेली. पहिल्याचा हो येईपर्यंत सातव्याची बेल वाजून झाली. एकाच नंबरावर तपासलं तर हे दिसतच नाही. एका दारात रांग कशी दिसणार.

साधा 'फॉर' लिहिला असता तर थांबला असता. एक ओळ!

अमोलदादाले फोनवर सांगितलं. मले वाटलं हसेल. तो फक्त म्हणे, "पोरगी कशी आहे?" आणि ठेवला.

आता हिशोब असा. नीलम मॅडमची बारी २१ ऑगस्टची होती, ती जळाली, आता त्या डिसेंबरपर्यंत नाहीत. मी रक्तपेढीत जाऊन विचारलं की त्यांची पिशवी अनीसासाठी ठेवून द्या ना. तिथले साहेब म्हणे, तिले ताजंच द्यावं लागते, तीन आठवडे जुनं नाही चालत. आणि तशीही ती पिशवी काल रात्रीच एका बाळंतिणीले लागली.

२१ ऑगस्टसाठी दोनच माणसं उरली. धर्मपाल, आणि हिमोग्लोबिन वाढलं तर चंद्रभानकाका. बाकी कोणाचेच महिने भरत नाहीत.

खाला उलट जेवूनच जा म्हणे. मले तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० ऑगस्ट, रविवार. अमरावती

आठ दिवस फक्त हेच लिहून राहिली. आता पक्कं. एक फोन, उत्तर, मगच पुढचा. पाच खोट्या नंबरांवर चालवून पाहिलं, प्रत्येकाले उत्तर द्यायले वेगळा वेळ लावला. एकदम सरळ रांग. कोणी घुसत नाही.

अमोलदादाले रविवारीच ऑफिसमध्ये बोलावून दाखवलं. त्याने खुर्ची ओढली, पूर्ण वाचलं, पहिल्यांदा. म्हणे, "आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर थांबते."

"किती?"

"येईपर्यंत! पंधरा मिनिटांनी परत लावते. हो नाही आणि नाही पण नाही, तर त्याले उत्तर कसं म्हणायचं? मागच्या वेळी न थांबता पुढे गेली म्हणूनच तर वाट लागली."

"वेळेची मर्यादा टाक त्याले."

"दादा, एकदा पोळली आहे मी."

तो उठला. जाताना म्हणे, "पोळलं म्हणून आता चूल पेटवणारच नाही का तू?" याले सगळं डब्यातलंच सुचते.

१६ ऑगस्ट, शनिवार. अकोला

खालाले नवीन प्रोग्राम समजावून सांगितला. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "धर्मपालभाऊले मी एकदा लावू का? त्याच्याकडे कधी रेंज असते कधी नसते."

मी म्हटलं, "खाला, प्लीज! मशीनवर भरोसा ठेवा. ते थकत नाही, विसरत नाही."

"हो, ते तर आहेच," म्हणे.

अनीसाचा चेहरा आताच पिवळसर दिसून राहिला. तिले म्हटलं, अभ्यास झाला का. म्हणे, "झाला. तुझा झाला का?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार. अमरावती

सकाळी नऊले सुरू केला. काकांचं हिमोग्लोबिन भरवशाचं नाही, म्हणून पहिला फोन धर्मपालले. आणि फक्त धर्मपालले! माझा फोन वाजला नाही, कोणाचाच वाजला नाही. मी पाच मिनिटं खुर्चीत तशीच बसून राहिली. शांतता इतकी चांगली वाटू शकते मले माहीत नव्हतं.

मशीनच्या आवाजाने कोणी घाबरू नये म्हणून या वेळी मी माझाच आवाज टाकला आहे. 'नमस्कार, अनीसाची तब्येत ठीक आहे, काळजी करू नका.'

१९ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसमध्ये क्लायंटचा डेमो. दिवसभर मान वर करायले वेळ नाही. प्रोग्रामकडून काही मेसेज नाही, म्हणजे काही बिघडलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी पाच वाजता खालाचा फोन आला. ती कधी ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही.

"बेटा, उद्या कोण येऊन राहिलं? रक्तपेढीवाले विचारतात. आज हिचं हिमोग्लोबिन तपासलं, सहा पॉइंट दोन आहे. जिना चढली तर तीनदा बसली."

मी स्क्रीन उघडली. त्याच्यावर एकच ओळ. धर्मपाल, नॉट रीचेबल, परत लावतो. धर्मपाल, नॉट रीचेबल, परत लावतो. वरपासून खालपर्यंत, सोमवारच्या नऊपासून. बिचारा प्रोग्राम मी सांगितलं तेच करून राहिला होता. उत्तर आल्याशिवाय पुढचा फोन नाही. दोन दिवस तो सेमाडोहच्या जंगलात एका बंद मोबाईलसमोर उभा, आणि त्याच्या मागे चंद्रभानकाका, ज्यांना कोणी विचारलंच नाही.

मी खालाले म्हटलं, "तुम्ही कोणालेच नाही लावला का फोन?"

ती म्हणे, "तू नको म्हटलं होतं ना."

मी प्रोग्राम मारला. चंद्रभानकाकांना स्वतःच्या फोनवरून लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा उचलला, मागे बैलांच्या घंटा.

"कोण? अपेक्षा? मशीन हाये का माणूस?"

"माणूस आहे काका."

"हं. मंग बोल."

सांगितलं सगळं. ते मग म्हणे, "अवो पोरी, परवा पोया हाये. उद्या खांदशेकणी, बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकाचे. बैल धुवाचे, झुली काढाच्या, गडी तिकडे सासुरवाडीले जाऊन बसला. आन् तू आज सांगतं? आठ दिवस आधी काहून नाही सांगितलं?"

ते 'अवेट'वालं उत्तर बैलांच्या घंटांमध्ये कसं सांगणार.

"आन् माहं ते बारा पॉइंट एक?"

"उद्या परत तपासतील काका. साडेबारा पाहिजे."

"नाही निंघालं तं?"

"तं कोणीच नाही."

काका मग फोन तोंडापासून लांब धरून कोणाले तरी ओरडले, "अवो, ऐकलं का? उद्याचे बैल तू धुजो!" तिकडून बाईमाणसाचा जो आवाज आला तो मी इथं लिहू शकत नाही. मग माझ्याशी, "सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. पण दुपारी तीनच्या आत वापस सोड मले. खांदे मीच शेकतो, दुसऱ्याच्या हातानं आमचा ढवळ्या उभा राहत नाही."

२१ ऑगस्ट, गुरुवार. अकोला

रात्रीच घरी आली होती. सकाळी साडेसातले स्टँडवर काकांना घ्यायले गेली. ते उतरले ते पिशवी घेऊनच. पिशवीत बीट. म्हणे रस्त्यात खात आलो. मी म्हटलं, काका, बीट खाऊन तासाभरात काही वाढत नाही. म्हणे, "तुले काय माहीत? तीन हप्त्यांपासून खाऊन राहिलो. त्या दिवशी सगळ्यांसमोर वापस धाडलं होतं मले."

रक्तपेढीत खाला आधीच बसलेली. अनीसाले वॉर्डात भरती केलं होतं. सिस्टरने काकांच्या बोटाले सुई टोचली, थेंब घेतला, मशीनमध्ये टाकला. ते मशीन दहा सेकंद घेते. मी त्या दहा सेकंदांत काय काय कबूल केलं देवाले, ते सांगत नाही.

बारा पॉइंट सहा.

काकांनी सिस्टरकडे असं पाहिलं जसं शर्यत जिंकली. खालाने पदर डोक्यावरून नीट केला, एवढंच. मग त्यांच्याशी बोलत बसली. बैलांचं विचारलं, काकूंचं विचारलं, धाकट्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का विचारलं. मी पाहत बसली. पिशवी भरायले दहाच मिनिटं लागतात, यांचं बोलणं काही संपेना. शेवटी मीच म्हटलं, काका, तुमची गाडी.

सव्वा बाराच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणे, "मशीन-बिशीन ठीक हाये तुही. पण गड्याले सांगा लागन का नाही, का कोणत्या दिवशी कुठं जाचं?"

हो, लागन.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

तपासण्या होऊन सकाळी दहाले रक्त चढवायले सुरू केलं. संध्याकाळपर्यंत अनीसाच्या ओठांवर रंग आला. रंग आल्याबरोबर जीभ पण आली. म्हणे, "दीदी, तुझा प्रोग्राम माझ्यासारखाच आहे. जिन्यात बसते."

मी घरी येऊन झोपली. पुरणपोळी पण नाही खाल्ली.

२३ ऑगस्ट, शनिवार. अकोला

वाटलं होतं संपलं.

दुपारी खालाकडे होती. दारात एक माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मोबाईल. मी कधी पाहिलं नव्हतं त्याले, खाला उठून उभी राहिली. "धर्मपालभाऊ!"

त्याने घरात सगळीकडे पाहिलं. अनीसा खाटेवर बसून मेंदी कोरून राहिली होती. तो तिच्याकडे पाहतच उभा. मग तिथंच उंबऱ्यावर बसला.

काल दुपारी पोळ्याच्या सामानासाठी तो खाली परतवाड्याले आला. रेंज लागली तसे मोबाईलवर मेसेज पडायले लागले. दोनशे चोवीस मिस कॉल. एकाच नंबरचे. त्याने तो नंबर लावला तर लागत नाही, मशीनचा नंबर, त्याले उलटा फोन लागतच नाही. खालाचा नंबर त्याच्याकडे होता, पण म्हणे लावायची हिंमत झाली नाही. पुरामुळे रात्री गाडी नव्हती, आज सकाळी निघाला.

"दोनशे चोवीस वेळा कोण लावते?" तो माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहून बोलून राहिला होता. "माणूस मेल्यावर बी एवढे फोन येत नाही. म्या म्हटलं, गेली पोरगी. आपल्या बारीले गेली. परतवाडा, अंजनगाव, अकोट, अकोला, साऱ्या रस्त्यानं तेच. मयतीले चाललो म्हणून हॉटेलवाल्याले सांगून आलो मी."

खालाने पाणी दिलं. अनीसा खाटेवरून म्हणे, "मी नाही गेली, काका. दीदीनं फक्त फोन लावला."

मी माफी मागितली. दोनदा. त्याने ऐकल्यासारखं केलं नाही. जेवला. जेवताना खालाने त्याले जंगलातल्या पुराचं विचारलं, पूल गेला का विचारलं, तर बोलला. मले वाटलं मले तो आता कधी उत्तरच देणार नाही. हात धुतल्यावर मात्र वळला.

"आता पुढची बारी कवा?"

"अकरा सप्टेंबर, गुरुवार."

"माही?"

"हो, तुमची. म्हणजे, जमेल तर."

"येतो. अकराले, सकाळी."

"मी आधी एकदा फोन करते तुम्हाले. रेंज कधी असते?"

"सोमवारी किराणा घ्याले खाली येतो. अकरा-बाराच्या मधात." मग चप्पल घालताना, "तू लावजो. थे मशीन नको."

२४ ऑगस्ट, रविवार

बसून प्रोग्राम दुरुस्त करून राहिली. धर्मपालले फक्त सोमवारी अकरा ते बारा. काकांना पोळ्याच्या आणि पेरणीच्या आठवड्यात नाही. नीलम मॅडमले तास सुरू असताना नाही. नत्थुजी पहिल्या वेळी 'हो' म्हणतात पण सुनेले विचारून परत सांगतात, म्हणून त्यांचा पहिला हो धरायचा नाही. सात माणसांसाठी सात वेगळे नियम! यातलं अर्धं तर खालाले फोन करून विचारावं लागलं. ती कपाटातून वही काढून वाचून दाखवे, कडेचं उर्दू पण. दीड तास गेला.

याले का प्रोग्राम म्हणतात? अमोलदादाले दाखवला तर अब्रूच जाईल.

८ सप्टेंबर, सोमवार. अमरावती

अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसच्या जिन्यात जाऊन धर्मपालले स्वतः लावला. लागला नाही. अकरा वीसले लावला. रिंग गेली. चार, पाच, सहा. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. आधी पुराचं विचारायचं, मग हॉटेलचं, मग तारखेचं.

"हाव, बोल."

"काका, मी अपेक्षा. पूल झाला का दुरुस्त?"

"कोणता पूल? मी बाजारात उभा हावो, तेलाचा पिपा हाये खांद्यावर. काय काम हाये?"

"काही नाही. अकरा तारखेचं विचारायचं होतं. येऊन राहिले ना?"

तिकडे कोणीतरी कांद्याचा भाव ओरडून राहिलं होतं. मग तो, एकदम वैतागून: "त्या दिवशी येतो म्हटलं ना बाई मी तुले? तुह्यासमोर म्हटलं ना? मंग आता फोन काहून केला?"

आणि ठेवला.

मी जिन्यात कागद हातात घेऊन उभी. मले राग आला. खरंच आला. एवढं नीट विचारलं होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार. अकोला

आठ वाजता रक्तपेढी उघडते. मी पावणेआठले पोहोचली, म्हटलं आधी जाऊन दारात उभी राहू, धर्मपालचा काही भरोसा नाही.

वॉचमन म्हणे, तो साडेसहापासून पायरीवर बसून आहे.